आईच्या मशीनमधली चिप

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत रत्नदीपचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण मेलेल्या कॉम्प्युटरांना तेवढी पुरते. कल्याणपासून दिव्यापर्यंतचे रिपेअरवाले ज्या मदरबोर्डपुढे हात टेकतात, तो शेवटी फिरत फिरत इथे येतो. रत्नदीप तो उजेडाकडे धरतो, नाकाशी नेऊन हुंगतो, आणि जळका वास आला तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून टाकतो. उगाच कुणाला आशेवर ठेवणाऱ्यातला तो नाही. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, आणि त्या डोक्यावर स्वतःचाच जरा जास्त भरवसा.

या धंद्यात एक सवय आहे. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर पडद्यावर काही दिसण्याआधी जे चार क्षण जातात, त्यांत बोर्डावरची नखाएवढी एक चिप कामाला लागते. तिच्यातला प्रोग्रॅम मेमरीला उठवतो, डिस्कला हाक मारतो, पडदा उजळतो. त्याला बायोस म्हणायचं. तो बिघडला की अख्खा बोर्ड मेल्यागत पडून राहतो. मग दुकानदार काय करतो, तर बोर्डाचा नंबर रिपेअरवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी त्याच नंबरच्या धडधाकट बोर्डातून काढलेली फाइल पाठवतो. तिला बिन म्हणतात. बिन चिपमध्ये मारायची, बोर्ड उठतो, गिऱ्हाईक खूश. चिपमध्ये आधी काय होतं ते काढून ठेवायची तसदी कुणी घेत नाही. बिघडलेलंच तर होतं, त्याचं काय लोणचं घालायचंय? डोंबिवलीतला तो ग्रुप प्रशांत चालवतो, रत्नदीपचा डिप्लोमाच्या वर्गातला दोस्त. "बिन आहे ना? मग टेन्शन नाय," हे त्याचं रोजचं वाक्य.

ही सवय रत्नदीपने एका रविवारी शहाडला घरी नेली आणि आईच्या ओव्या घालवून बसला.

त्याची आई जाईबाई. माहेर जुन्नरकडचं. लग्न होऊन शहाडला आल्या तेव्हा नवरा, भगवान, नदीकाठच्या कारखान्यात लागलेला होता. चाळीतल्या त्या खोलीत जातं नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या त्यांच्याबरोबर आल्या होत्या, त्या काही गावी ठेवून येता येत नाहीत. मग जाईबाई भाकरी थापताना म्हणायच्या, नळावर हंडा भरेपर्यंत म्हणायच्या, आणि चौदा एप्रिलला विहारात बायका आग्रह करायच्या तेव्हा बसून म्हणायच्या. गावाकडच्या ओव्या संपल्या तशा त्यांनी स्वतःच्या जोडल्या. त्यांत शहाडचा पूल होता, कारखान्याचा भोंगा होता, पहिल्यांदा शाळेत गेलेली लेक होती, बाबासाहेब तर होतेच.

शहाडच्या पुलाखाली पाणी वाहतं गढूळ
भीमाचं नाव घेता मन होतं गं निवळ

लिहिता त्यांना येत नाही. सही तेवढी प्रीतीने शिकवली. प्रीती म्हणजे रत्नदीपची धाकटी बहीण, लग्न होऊन बाळकुमला राहते आणि ठाण्यात एका ऑफिसात हिशेब बघते. आई गॅस चालू ठेवून दाराशी जाऊन बसते, शेजारणीला तिच्या मेलेल्या सासूच्या नावाने हाक मारते, हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार, थांबवणारं औषध नाही. प्रीती दवाखान्याच्या पायरीवर रडली, आणि पुढच्या रविवारी एक माईक घेऊन शहाडला हजर झाली. आईच्या सगळ्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं तिने ठरवलं होतं.

रेकॉर्डिंगसाठी मशीन दिलं रत्नदीपनेच. ठाण्यातली एक कंपनी बंद पडली तेव्हा तिचे सगळे छोटे कॉम्प्युटर उल्हासनगरच्या मितेश भंगारवाल्याने उचलले होते. रत्नदीपने त्याच्याकडून बरेच घेतले. सगळ्यांत एकाच नंबरचा बोर्ड. एक त्याने साफ करून घरी आणला, त्याला सगळे 'आईचं मशीन' म्हणू लागले. एक स्वतःच्या टेबलावर उघडा मांडला. बाकीचे विकून टाकले.

टेबलावरचा तो उघडा बोर्ड म्हणजे त्याचं वेड. जगभरातले लोक मिळून एक खुला बायोस लिहितात. कुणीही वाचावा, बदलावा, कंपनीच्या मेहेरबानीवर राहू नये, असा. पण तो प्रत्येक बोर्डावर आपोआप चालत नाही, एकेका बोर्डासाठी कुणीतरी बसून जुळवून द्यावा लागतो. रत्नदीपने त्यांच्या यादीत आपल्या बोर्डाचा नंबर शोधला, तो नव्हता. दुसरा कुणी असता तर टॅब बंद करून जेवायला बसला असता. याला तो स्वतःचाच अपमान वाटला.

त्यालाही कारण होतं. वडील अचानक गेले तेव्हा त्याचा डिप्लोमा शेवटच्या वर्षात होता, तो तिथेच सुटला. तेव्हापासून तो दुसऱ्यांची मशीनं दुसऱ्यांच्या फाइलींनी उठवत आला होता. आपलं म्हणून एक तरी काम जगात कुठेतरी नावानिशी असावं, असं त्याला आतून फार वाटायचं. बायकोलाही त्याने हे कधी सांगितलं नाही. बोर्डाच्या कामात मात्र ते पुरतं दिसायचं.

काम रविवारी घरीच व्हायचं, कारण इतर दिवशी दुकान. आणि रविवारीच प्रीती यायची. घरात बाहेरची खोली एकच. खिडकीकडे रत्नदीपचं टेबल, भिंतीशी आईचं मशीन. इकडे जाईबाई माईकसमोर मांडी घालून बसायच्या, तिकडे हा बोर्डावर वाकलेला.

नवा बायोस अर्धवट असताना पडद्यावर काहीच दिसत नाही. बोर्ड कुठवर पोचला ते कळावं म्हणून रत्नदीपने त्याला बटणाएवढा स्पीकर जोडला होता. चिप जागी झाली की एक बीप, मेमरी सापडली की दोन, पडदा लागला की तीन. महिनोन् महिने तो बोर्ड एकच बीप देऊन गप्प बसायचा. रत्नदीप एखादी ओळ बदलायचा, चिपला क्लिप लावून नवा प्रोग्रॅम भरायचा, बटण दाबायचा आणि कान लावून बसायचा. स्पीकर इवलासा, आवाज किडकिडीत. मग तो मागे न बघताच हात वर करायचा.

"आई, थांब जरा. बीप ऐकू दे."

जाईबाई ओवीच्या मध्येच थांबायच्या. माईक चालूच असायचा.

"दादा, अरे चांगली लागलेली तिची," प्रीती वैतागायची. "तू आतल्या खोलीत जा ना."

"आत प्लग नाय. एक मिनिट फक्त."

"थांबू दे गं," जाईबाई म्हणायच्या. "त्याचं झालं की म्हनते. त्याचं काम हाय."

एक बीप व्हायचा, दुसरा व्हायचा नाही. रत्नदीप स्वतःशी पुटपुटत पुन्हा वाकायचा. कधी जाईबाई पुढची ओळ धरायच्या, कधी तेवढ्यात ती त्यांच्याकडून सुटायची, मग त्या पहिल्यापासून म्हणायच्या. असं ते वर्ष गेलं. प्रीती प्रत्येक रविवारी जाताना म्हणायची, "दादा, हे सगळं एका पेनड्राइव्हवर टाकून दे मला." रत्नदीप म्हणायचा, "मशीन घरातच आहे ना. करतो निवांत." दुकानात दिवसभर लोकांच्या फाइली वाचवणाऱ्या माणसाच्या घरी ही तऱ्हा होती.

एका रविवारी बोर्डाने दोन बीप दिले. रत्नदीप उठून खोलीत नाचला, आईला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. जाईबाईंना काही कळलं नाही, पण त्या मनापासून हसल्या आणि त्याच्या तोंडात साखर घातली. पुढे काही महिन्यांत तिसरा बीपही आला. त्याने सगळं काम नीट मांडून त्या लोकांकडे पाठवलं. सोबत त्या बोर्डासाठी माहितीचं एक पानही लिहिलं. तसा त्यांचा नियमच आहे. पानाच्या सुरुवातीलाच, बाकीच्या बोर्डांच्या पानांवर असतं तसं, त्यानेही लिहिलं होतं की काहीही करण्याआधी तुमच्या चिपमधला मूळ मजकूर वाचून सुरक्षित ठेवा.

तिकडे काम तपासणारा एक जर्मन गृहस्थ होता. त्याने कौतुक केलं आणि एकच गोष्ट विचारली. हे तुमच्या त्या एका बोर्डाशिवाय दुसऱ्या बोर्डावर चालवून बघितलंय का? बघितलं असेल तर आम्ही घेतो.

दुसरे बोर्ड तर विकले गेले होते. टेबलावरचा सोडला तर घरात एकच उरला होता.

"आई, तुझं मशीन जरा उघडतो," रत्नदीप म्हणाला.

"उघड की. तुजंच हाय ते," जाईबाई म्हणाल्या.

प्रीतीला त्याने विचारलं नाही. त्याच्या लेखी विचारण्यासारखं काही नव्हतंच. बायोस चिपमध्ये असतो, ओव्या डिस्कमध्ये. तरी त्याने काळजी घेतली. आधी डिस्क सोडवली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवली. इतकी काळजी त्याने गिऱ्हाइकाच्या डिस्कची कधी घेतली नसेल. मग चिपला क्लिप लावली. मूळ मजकूर वाचून ठेवायला थोडा वेळ लागतो. त्याचा हात तिथे एकदा अडखळला, हे तो आजही सांगतो. पण एकाच नंबरचा बोर्ड, एकाच कंपनीचा माल, आणि टेबलावरच्या बोर्डाची मूळ बिन त्याच्याकडे होतीच. बिन आहे ना, मग टेन्शन नाय.

त्याने आईच्या मशीनमधली चिप पुसली आणि आपला बायोस भरला. एक बीप, दोन, तीन. पडदा उजळला. जाईबाईंनी सवयीने साखरेचा डबा काढला. रत्नदीपने फोटो काढून जर्मनीला पाठवला, मग चिप पुन्हा पुसून जुनी बिन मारली, फडकं उलगडून डिस्क लावली आणि बटण दाबलं.

निळा पडदा आला आणि त्यावर किल्ली मागणारी एक लांबलचक चौकट. रत्नदीपने बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मग त्याने प्रीतीला फोन लावला.

"प्रीती, आईच्या मशीनच्या डिस्कला तू लॉक लावलेलंस?"

"हो, कधीच. आमच्या ऑफिसात सगळ्यांना लावायला सांगितलेलं, तेव्हा घरचंपण करून टाकलं. आईच्या पेन्शनचे कागद होते ना त्यात. का?"

"किल्ली मागतंय."

"कधी मागत नाही ते. आपोआप उघडतं."

आपोआप कसं उघडायचं, ते रत्नदीपला फोन कानाशी असतानाच उमगलं. त्याच नखाएवढ्या चिपमध्ये, बायोसच्या शेजारी, त्या एका मशीनचं स्वतःचं असं थोडंसं सामान असतं. डिस्कच्या कुलपाची किल्ली त्या सामानात होती. ती दुसऱ्या कुठल्याही बिनमध्ये असणं शक्य नव्हतं, आणि ती चिप त्याने आत्ताच, आपल्या हाताने, दोनदा पुसली होती.

"एक मोठा नंबर दिला असेल तुला, लॉक लावताना," तो म्हणाला. "तो कुठाय?"

"त्याची पीडीएफ काढून ठेवलेली."

"कुठं?"

प्रीती म्हणाली, "त्याच मशीनमध्ये."

कुलूप बनवणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन खात्यात त्या नंबरची एखादी प्रत राहिली असती, पण ते खातं उघडायलाच रत्नदीपने तिला मना केलं होतं. कंपनीला आपली माहिती कशाला द्यायची, असं तोच म्हणाला होता.

त्याने जंग जंग पछाडलं. प्रशांतला विचारलं, तर प्रशांत म्हणाला, "अरे पण ओरिजिनल डंप काढलेलास ना आधी?" चिपमधला मूळ मजकूर काढून ठेवलास का, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्या ग्रुपवर कुणी कुणाला विचारला नव्हता. जर्मनीहूनही सभ्य भाषेत तेच उत्तर आलं, आणि खाली एक ओळ, की तुमच्या पानावर तुम्ही हे फार स्पष्ट लिहिलं आहे. त्या माणसाच्या मनात टोमणा नसावा. रत्नदीपला मात्र तो लागायचा तिथे लागला.

बोर्ड यादीत आला. नावही आलं, इंग्रजीत, पूर्ण. ते त्याने कुणाला दाखवलं नाही. जाईबाईंनीच एकदा भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुजं ते नाव यायचं व्हतं, आलं का रं?"

"आलं," तो म्हणाला.

"तुजा बाप असता तर विहारात सांगून आला असता," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. रत्नदीप ताटातली भाकरी मोडत राहिला. हेच ऐकण्यासाठी त्याने इतके रविवार घातले होते, आणि आता ते ऐकवत नव्हतं.

प्रीती पुढचे कितीतरी रविवार शहाडला आली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फोन करायची तो आईसाठी, आणि तो उचलला रत्नदीपने तर म्हणायची, "आईला दे." ते कुलूप मोडत नाही, हे तिला त्याने समजावून सांगितलं होतं. तिला समजलंही होतं. फक्त भावाशी काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं.

मग एके दिवशी ती आली. पिशवीतून माईक काढला, या वेळी एक छोटा रेकॉर्डरही होता. "जेवढं आठवतंय तेवढं परत घेऊ," ती म्हणाली. रत्नदीपने उठून आपलं टेबल रिकामं केलं, बोर्ड, क्लिपा, स्पीकर सगळं खोक्यात भरून पलंगाखाली सारलं. मग येऊन आईसमोर फरशीवर बसला. त्या जागी तो याआधी कधी बसला नव्हता.

जाईबाई पुलाची ओवी म्हणाल्या, दोन्ही ओळी. आवाज थोडा बसला होता, पण गोडवा तोच. प्रीतीच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "आता भोंग्याची म्हण ना, आई. मला आवडते ती."

जाईबाईंनी डोळे मिटले. हात मांडीवर हलकेच फिरू लागला, भाकरी थापल्यासारखा.

"भोंगा वाजला पहाटं, धनी निघालं कामाला..."

आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता.

"प्रीते, फुडं काय गं?"

प्रीतीचा चेहरा उतरला. "मला पण नाही आठवत, आई. मी तेव्हा मशीनवर आवाजाचे काटे बघत बसलेले असायचे. मला वाटायचं, घेतंय ना ते."

जाईबाईंनी रत्नदीपकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आशा होती, आणि तेच त्याला सोसवेना.

"रत्ना, तू सांग की. तू तर हितंच बसलेला असायचास."

तो होताच तिथे, प्रत्येक रविवारी, हाताच्या अंतरावर. ती ओवी त्याच्या पाठीमागे किती वेळा म्हटली गेली असेल याचा हिशेब नाही. त्याने डोळे मिटून आठवून बघितलं. खिडकीतलं ऊन आठवलं, प्रीतीचं वैतागणं आठवलं, स्पीकरचा तो किडकिडीत आवाज तर अगदी आत्ता वाजल्यासारखा आठवला, एक आणि मग काही नाही. आईची दुसरी ओळ आठवली नाही. वडील पहाटे निघायचे, मागे आई काय करायची, कुणाला उठवायची, काय मागायची, त्या ओळीत असणार ते सगळं. आता ते विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

"नाही आठवत, आई," तो म्हणाला. "मी ऐकलंच नाही."

"असू दे. तुजं ध्यान कामात व्हतं." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "थांब, येतीया. तोंडावर हाय."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा हात फिरू लागला. "भोंगा वाजला पहाटं..." या वेळी सूर वेगळा लागला, वरचा, भरलेला, जुन्या दिवसांतला. प्रीतीने श्वास रोखला. दुसरी ओळ आता येणार असं वाटत असताना रत्नदीपने डोळे पुसायला हात वर केला.

जाईबाई तत्काळ थांबल्या. त्यांनी त्याच्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "थांबू का रं? तुजं वाजायचं हाय का?"

"नाही, आई," रत्नदीपने हात झटकन खाली घेतला. "माझं काही नाही. तू म्हण."

त्यांनी मान हलवली आणि म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात पहिली ओळही त्यांच्याकडून निसटली होती.